किंग्लेटवाल्या कुमुदकाकू

कुठलीही जुनी वस्तू हातात आली की कुमुदकाकू आधी ती अंगठ्यानं घासायच्या आणि मग तिचा वास घ्यायच्या. डॅशबोर्डवरचं बटण, खिडकीच्या दांड्याचा गोळा, गिअरची मूठ, काहीही असो. एकाच जागी अंगठा गरम होईपर्यंत घासायचा, वस्तू नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे. मग निकाल. "बेकेलाइट. खरं आहे." किंवा नुसतंच, "हं. प्लास्टिक." बेकेलाइट म्हणजे जुन्या काळचं कडक प्लास्टिक; ते घासलं की फॉर्मलिनसारखा वास येतो, आणि तो वास काकूंनी वूस्टरमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सबंध नोकरीभर घेतलेला. "माणसांची रक्तं तपासून पेन्शन मिळाली," त्या म्हणायच्या, "आता गाड्यांची बटणं तपासतो."

आम्ही अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या श्रूजबरीला आलो ते २००१च्या उन्हाळ्यात. प्रशांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सॉफ्टवेअरची नोकरी. मी त्याच्या व्हिसावर, त्यामुळे मला काम करायला बंदी. तो सकाळी गाडी घेऊन गेला की मी अपार्टमेंटच्या खिडकीतून पार्किंग लॉट बघत बसायची. मंडळाच्या गणपतीत एक ठेंगणी बाई माझ्याजवळ आली. इरकली साडी, वर हॉस्पिटलचं नाव पुसट झालेला स्वेटशर्ट, पायात पांढरे स्नीकर्स. मोदकाची प्लेट सांभाळत तिनं विचारलं, "गाडी येते का गं?"

"नाही."

"मग दिवसभर काय करतेस?"

"काही नाही, घरीच बसून राहिली."

"बसून राहिली!" त्या खळखळून हसल्या. "नागपूर काय? मी कोल्हापूरची. उद्या सकाळी येतो."

कोल्हापूरच्या बायका "मी येतो, मी जातो" म्हणतात हे मला ऐकून माहीत होतं. पण उभा जन्म अमेरिकेत काढूनही कुणी तसं बोलत असेल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकू खरंच आल्या, आणि मला लायसन्स मिळेपर्यंत येत राहिल्या. रागावायच्या नाहीत. मी स्टॉप साइन चुकवली की फक्त स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायच्या. एकदा मी घाबरून हॉर्न दाबला तर म्हणाल्या, "इथं ती शिवी असते बाई. देशात ती विनंती असते."

लायसन्स मिळालं त्या दिवशी त्यांनी मला आपलं गराज उघडून दाखवलं. आत किंग्लेट उभी होती.

फिकट निळी, पांढऱ्या छताची, दोनच दारांची. रिक्षापेक्षा मोठी, पण फार नाही. गाड्या जेव्हा होड्यांएवढ्या लांब असायच्या त्या काळात मिडवेस्टमधल्या एका छोट्या कंपनीनं ही चिमुकली गाडी काढली. लोक हसले. थोड्याच वर्षांत कंपनी बुडाली, आणि जे काही मागं उरलं ते देशभरच्या तबेल्यांत, भंगारात आणि म्हाताऱ्यांच्या आठवणीत विखुरलं. ते वेचून गोळा करणारे शे-दीडशे वेडे अमेरिकेत होते. त्यांचा एक क्लब होता. त्या क्लबात साडी नेसणारं माणूस एकच.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला हे वेड लागलं कसं?"

"वेड कसलं? उंचीचा प्रश्न होता." त्या दार उघडून आत बसल्या. "ह्यांची गाडी ही एवढी मोठी. मी टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या खाली घेऊन बसायचो. पुढचं दिसायला लागलं की पाय पोचायचे नाहीत, पाय पोचले की पुढचं दिसायचं नाही. मग लॅबमधल्या एका बाईच्या तबेल्यात ही सापडली, कोंबड्या बसायच्या हिच्यात. मी सहज आत बसून बघितलं तर पाय थेट ब्रेकवर. अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा माझे पाय टेकले गं कुठंतरी."

मोहनकाका, त्यांचे यजमान, तेव्हा खूप हसले होते म्हणे. मग स्वतःच कोंबड्यांची घाण काढायला बसले. ते जाऊन आता काही वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी शिल्पा टेक्सासात प्लेनोला, मोठ्या कंपनीत. ती फोनवर म्हणायची, "आई, it's junk. Beautiful junk, but junk." काकू म्हणायच्या, "असू दे. मी पण तशीच आहे."

घराचं तळघर भरलेलं होतं. चाकांच्या टोप्या, दिव्यांच्या काचा, डीलर लोक गिऱ्हाइकांना वाटायचे त्या किल्ल्यांच्या साखळ्या, राखेच्या वाट्या, जाहिरातींची चोपडी, दुकानावर लावायची एक पत्र्याची पाटी. प्रत्येक वस्तू जुन्या सुती साडीच्या तुकड्यात बांधलेली. मी एकदा पितळी साखळी बघून म्हटलं, "चिंचेनं घासू का? लख्ख होईल." काकूंनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली. "चिंच लावलीस तर हात तोडीन. पन्नास वर्षांचा काळेपणा आहे तो. तो घासून काढलास तर तिनं सगळा जन्म फुकट घालवला की."

क्लबात काकूंच्या शब्दाला किंमत होती. कुणी काही विकत घेण्याआधी विचारायचं, कुमुदनं बघितलंय का? त्या हो म्हणाल्या तर ती वस्तू खरी. ओळखीच्या माणसाचं मन राखायला त्यांनी कधी खोट्याला खरं म्हटलं नाही. एकदा क्लबच्या एका म्हाताऱ्यानं नातवाकडून भेट आलेली गिअरची मूठ कौतुकानं पुढं केली. काकूंनी अंगठा घासला, वास घेतला आणि सांगून टाकलं, नवी आहे. म्हातारा खट्टू झाला. परतताना मी म्हटलं, "काकू, एकदा हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या, "त्याचं काही नाही. माझं बिघडलं असतं."

पण काकूंचं सांगायचं तर रॉयचं सांगितल्याशिवाय भागत नाही.

रॉय न्यू हॅम्पशायरचा. शाळेत मुलांना धातुकाम शिकवून रिटायर झालेला, उंच, काकूंशी बोलताना कमरेत वाकणारा. त्याची बायको डोरिस गोल चेहऱ्याची, मितभाषी, सदा विणकाम घेऊन बसलेली. काकूंची आणि त्यांची ओळख जुन्या सुट्या भागांच्या बाजारात झाली. त्याला तिकडं स्वॅप मीट म्हणतात. मोकळ्या मैदानात गाड्या लावायच्या, ताडपत्री पसरायची, गंजकं सामान मांडायचं. तिथं कुणीतरी काकूंना "स्वयंपाकघराचं सामान पलीकडच्या रांगेत आहे, हनी" असं सांगितलं, तेव्हा काकूंनी त्याच्याच टेबलावरची बटणं घासून, हुंगून खरी एका बाजूला आणि खोटी दुसऱ्या बाजूला लावून दिली. शेजारच्या ताडपत्रीवर रॉय बसला होता. तो उठून टाळ्या वाजवायला लागला. तेव्हापासून काकूंचा डोळा आणि रॉयचे हात अशी जोडी जमली. काकू ओळखायच्या, रॉय दुरुस्त करायचा. तो त्यांना "कू" म्हणायचा. मोहनकाका गेले त्या हिवाळ्यात रॉय आणि डोरिस दर मोठ्या बर्फानंतर गाडी हाकत यायचे, ड्राइव्हवे मोकळा करायचे, थालीपीठ खायचे आणि परत जायचे. काकूंच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडं असायची.

जुळे टॉवर पडले त्या सप्टेंबरनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी काकूंबरोबर पहिल्यांदा एका स्वॅप मीटला गेले. प्रत्येक ताडपत्रीवर झेंडा होता. लोक वाईट नव्हते, पण नजरा थांबायच्या. एका टेबलामागच्या माणसानं काकूंच्या साडीकडं बघत विचारलं, "तुम्ही नेमक्या कुठल्या?"

"श्रूजबरी," काकू म्हणाल्या.

"नाही, म्हणजे खरं कुठल्या?"

काकू उत्तर द्यायच्या आत मागून रॉय पुढं आला. तो काकूंशी वाकून बोलायचा, पण त्या माणसासमोर ताठ उभा राहिला. "ती श्रूजबरीची आहे म्हणाली ना? तू कुठला आहेस?"

परत येताना गाडीत काकूंनी आधी मला वळण कुठं घ्यायचं ते सांगितलं. मग म्हणाल्या, "सख्खा भाऊ असता तर एवढंच केलं असतं." ते वाक्य मी जन्मात विसरणार नाही.

आता चिमणीचं सांगते.

किंग्लेट हा चिमणीहूनही लहान पक्षी. अगदी पहिल्या वर्षी निघालेल्या गाड्यांच्या बॉनेटवर तो पंख मिटून बसलेला असायचा, मुठीत मावेल एवढा, चकचकीत धातूचा. शेपटी फार नाजूक, त्यामुळे बहुतेक मोडून गेले. अख्खा पक्षी म्हणजे क्लबातल्या लोकांना देवाच्या जागी. काकू त्याला चिमणीच म्हणायच्या, आणि त्यांच्याकडं एक अख्खी चिमणी होती.

ती त्यांना मेन राज्यातल्या एका शेतावरच्या म्हातारीकडून मिळाली होती. एडना तिचं नाव. तिच्या नवऱ्यानं किंग्लेटचं इंजिन काढून लाकूड कापायच्या करवतीला जोडलं होतं. गाडी संपली, चिमणी तेवढी स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. काकूंनी ती पाहिली, पण मागितली नाही. दर उन्हाळ्यात एडनाकडं जायच्या, तिचं लोणचं खायच्या, आपलं तिला द्यायच्या, आणि परत यायच्या. एका उन्हाळ्यात एडनानंच चिमणी उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवली. म्हणाली, "हिला खिडकी लागते." एडना खिडकीची चौकट हिरव्या रंगानं रंगवायची आणि रंगवताना चिमणी हलवायची नाही. त्यामुळे चिमणीच्या पायथ्याला हिरव्या रंगाची एक वाकडीतिकडी रेघ होती. क्लबातले लोक म्हणायचे, काढून टाक ती. काकू म्हणायच्या, "ती एडनाची सही आहे."

चिमणी काकूंच्या सिंकवरच्या खिडकीत असायची. स्वतःच्या गाडीवर त्यांनी ती कधी बसवली नाही. "माझी गाडी नंतरची आहे. हिच्यावर चिमणी म्हणजे थाप."

२००४च्या शेवटी शिल्पाचं बाळंतपण आलं आणि काकू प्लेनोला निघाल्या. त्याच सुमाराला क्लबचं एक प्रदर्शन होतं. रॉयनं चिमणी मागितली. काकूंनी ती इरकलीच्या तुकड्यात बांधून त्याच्या हातात दिली, आणि म्हणाल्या, "प्रदर्शन झालं की खिडकीत ठेवून दे. किल्ली आहेच तुझ्याकडं."

वसंतात मी त्यांना बॉस्टनच्या विमानतळावरून घेऊन आले. घरात शिरल्या, कोट काढायच्याआधी सिंकपाशी गेल्या. चिमणी खिडकीत होती. लख्ख चमकत होती.

"अगं, रॉयनं पॉलिश केलं की हिला," त्या म्हणाल्या. मग वाकून बघितलं. "हिरवी रेघ पण गेली."

त्यांचा चेहरा पडला. फोन लावला, मी तिथंच होते. पलीकडून रॉयचं मोठं हसू मलाही ऐकू आलं. तुला स्वच्छ आवडेल असं वाटलं, कू, असं काहीसं तो म्हणाला. काकूंनी फोन ठेवला. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मायेनं केलं त्यानं. मायेनं केलेल्याला काय बोलायचं?"

जगातली प्रत्येक वस्तू घासून, तोलून, हुंगून बघणारी ती बाई. तिनं चिमणी उचलूनसुद्धा बघितली नाही. रॉयनं ठेवलेली होती ना.

त्या उन्हाळ्यात क्लबचं मोठं संमेलन ओहायोत होतं, एका जत्रेच्या मैदानावर. रॉय आणि डोरिस त्यांच्या व्हॅननं आदल्या दिवशीच गेलेले. आम्ही दोघी काकूंच्या रोजच्या गाडीनं गेलो, मी ड्राइव्ह करत. मैदानावर किंग्लेट गाड्या ओळीनं उभ्या होत्या, पिवळ्या, निळ्या, तांबड्या, खेळण्यांच्या दुकानातल्यासारख्या. काकू एकेका गाडीपाशी थांबत, मालकाची चौकशी करत चालल्या होत्या. ओळीच्या टोकाला एक मेंदी रंगाची गाडी होती, पहिल्या वर्षीची. तिच्या बॉनेटवर चिमणी होती.

"अख्खी आहे!" काकू आनंदानं म्हणाल्या आणि पुढं झाल्या.

मी त्यांच्या एक पाऊल मागं होते. त्यांनी बोट पुढं केलं, चिमणीच्या पायथ्याशी नेलं आणि ते तिथंच थांबलं. मी वाकून बघितलं. हिरवी रेघ. वाकडीतिकडी.

गाडीचा मालक धावत आला. पेनसिल्व्हेनियाचा, चाळिशीचा, शाळेची बस चालवणारा साधा माणूस. त्यानं काकूंना ओळखलं. "तुम्ही कुमुद! तुम्हाला भेटायचंच होतं मला." त्यानं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "माझ्या वडिलांची गाडी आहे ही. त्यांना जिवंतपणी चिमणी मिळाली नाही. रॉयनं सांगितलं, तुम्ही ती सोडायला तयार झालात म्हणून. म्हणाला, तुम्ही स्वतः तपासलीय. मग मी आणखी काही विचारलंच नाही."

मी काकूंकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मला दिसत होतं. त्या माणसाला दिसत नव्हतं, तो चिमणीकडं बघत होता.

"खरी आहे ना?" त्यानं विचारलं. विनोदानं विचारलं, उत्तर माहीत असल्यासारखं.

'चोरी' एवढ्या एका शब्दात सगळं मैदान गोळा करता आलं असतं त्यांना.

"ओरिजिनल आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या.

"हा हिरवा रंग तेवढा काढून टाकणार आहे मी."

"नको!" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की तो दचकला. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितलं, "तो राहू दे. एका खिडकीचा रंग आहे तो. मेनमध्ये एडना नावाची बाई होती, तिच्या खिडकीचा. कुणी विचारलं तर तिचं नाव सांग."

त्यानं मान डोलावली. काकू वळल्या आणि सरळ मैदान ओलांडून रॉयच्या व्हॅनकडं चालायला लागल्या. मी मागं धावले.

रॉय छत्रीखाली घडीच्या खुर्चीत बसला होता. डोरिस शेजारी विणत होती. आम्हाला बघून तो उठला, नेहमीसारखा वाकला, आणि काकूंचा चेहरा बघून तसाच अर्धवट वाकलेला राहिला.

"माझ्या खिडकीत काय आहे, रॉय?" काकूंनी विचारलं.

त्यानं नाकारलं नाही, हे खरं. तो म्हणाला, "चांगली ओतलीय मी ती, कू. शेपटीला महिना गेला."

डोरिसच्या सुया थांबल्या. "काय ओतलंस?" तिनं विचारलं. त्याचं तिच्याकडं लक्षच नव्हतं.

"का?" काकू म्हणाल्या. "मागितली असतीस तर—"

"तू दिली नसतीस. तुझ्या गाडीवर ती बसवता येत नाही, तूच म्हणतेस. ती गाडीवर असायला हवी." तो समजावणीच्या सुरात बोलत होता, शाळेतल्या पोरांना समजावत असेल तसा. "आणि तुझ्यानंतर काय, कू? शिल्पा ती यार्ड सेलला घरातल्या अडगळीबरोबर अंगणात मांडेल. नाहीतर तू एक दिवस परत जाशील आणि ती इंडियात जाईल. कुणाला कळणार आहे तिथं ती काय आहे? ही इथली गोष्ट आहे. इथल्या लोकांकडं राहायला हवी."

मला आठवतं, जवळच कुणीतरी किंग्लेटचं इंजिन चालू करून बघत होतं आणि त्या आवाजात काकूंचं बोलणं जेमतेम ऐकू आलं.

"मी कुठली आहे, रॉय?"

"कू, मला काय म्हणायचंय ते तुला माहीत आहे."

"हो," काकू म्हणाल्या. "आज कळलं."

डोरिस उठून व्हॅनमध्ये गेली आणि तिनं दार लावून घेतलं. आम्ही त्याच दुपारी परत निघालो. वाटेत काकू एकदाच बोलल्या. "त्या माणसाला माझं नाव सांगितलं गं. माझा शब्द विकला त्यानं. नुसती चिमणी नेली असती तर मी चोर म्हटलं असतं आणि मोकळी झाले असते."

त्या "मोकळी झाले असते" म्हणाल्या, "झालो असतो" नाही. कोल्हापूर त्यांच्या तोंडून तेवढ्यापुरतं निघून गेलं होतं, आणि मला त्याचंच जास्त भय वाटलं.

शरद ऋतूत क्लबची बैठक झाली तिथं त्या गेल्या. उभ्या राहून त्यांनी एवढंच सांगितलं की माझ्या खिडकीतल्या चिमणीचे फोटो आजवर तुम्ही क्लबच्या मासिकात छापलेत, आता छापू नका. तिथं आहे ती नक्कल आहे. खरी पेनसिल्व्हेनियात आहे, त्या गाडीवर, आणि ती खरी असल्याची खात्री माझी. नक्कल कुणी केली ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. धातू ओतणारा माणूस क्लबात एकच होता, आणि तो तिसऱ्या रांगेत बसलेला होता.

त्यांना वाटलं होतं, कुणीतरी विचारेल. कुणीच विचारलं नाही. चहाच्या वेळी सेक्रेटरीबाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मित्रामित्रांत व्हायचंच असं, कू." लोक रॉयच्या पाठीवर थाप मारत होते. पुढच्या वर्षी त्यालाच अध्यक्ष केलं. पुढच्या संमेलनात वस्तू तपासायला काकूंना कुणी बोलावलं नाही.

तो हिवाळा काकूंनी तळघरात काढला. मी जायची तेव्हा त्या बैठ्या स्टुलावर असायच्या, समोर गाठोडी सोडलेली. रॉयच्या हातून आलेली, रॉयनं दुरुस्त केलेली, रॉयनं नुसती हाताळलेली प्रत्येक वस्तू त्या पुन्हा तपासत होत्या. बटण घ्यायचं, अंगठा घासायचा, नाकाशी न्यायचं. त्यांचा अंगठा लालभडक झाला होता. मी म्हटलं, "काकू, पुरे आता." त्या ऐकायच्या नाहीत.

फेब्रुवारीत एका दुपारी गेले तर सगळी गाठोडी परत बांधलेली होती.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"किती खोटं निघालं?"

"काही नाही." त्यांनी चष्मा काढला. "सगळं खरं. एकेक वस्तू खरी. इतकी वर्षं त्यानं मला एकदाही फसवलं नव्हतं गं. सगळं खोटं निघालं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं असतं, चला, माणूसच खोटा होता. आता काय म्हणू?"

नक्कल चिमणी तेव्हाही खिडकीत होती. मी ती उचलून फेकून द्यायला निघाले तर त्यांनी माझा हात धरला. "असू दे. तिनं कुणाला फसवलंय?"

डोरिस मात्र त्यांना फोन करत राहिली, बहुधा रॉय घरी नसताना. त्या दोघी विणकामाबद्दल, हवेबद्दल, शिल्पाच्या मुलाबद्दल बोलायच्या. रॉयचं नाव निघायचं नाही. मग डोरिस आजारी पडली, फोन आखूड होत गेले. २००८च्या उन्हाळ्यात काकूंनी घर विकायला काढलं. शिल्पानं प्लेनोला त्यांच्यासाठी खालच्या मजल्यावर खोली केली होती. तळघरातला खजिना त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या त्या बसवाल्याला देऊन टाकला. तो ट्रक घेऊन आला होता आणि सामान भरताना रडत होता. गाडी तेवढी ठेवली.

घराला अजून गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, तोच नोव्हेंबरात डोरिस गेली. काकूंनी मला फोन केला. "न्यू हॅम्पशायरला जायचंय. येशील?"

"मी ड्राइव्ह करते."

"नको. मी करतो. किंग्लेट काढतो. डोरिसला हीच आवडायची."

बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं पत्रा गंजतो; ते ट्रक अजून फिरायला लागले नव्हते, म्हणून गाडी काढता आली. आम्ही आतल्या रस्त्यांनी सावकाश गेलो. चर्चमध्ये काकू शेवटच्या रांगेत बसल्या. पांढरी साडी, काळा कोट. रॉय पुढं होता. त्याची पाठ मला म्हातारी वाटली. प्रार्थना संपल्यावर काकू डोरिसच्या बहिणीला भेटल्या, तिचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलल्या, आणि रॉयपर्यंत रांग पोचायच्या आत बाहेर पडल्या.

गाडी सुरू होईना. थंडी कडाक्याची होती. काकूंनी किल्ली फिरवली, इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. चर्चच्या पायऱ्यांवर माणसं जमली होती. त्यांच्यातून रॉय बाहेर आला. कोणाशी काही न बोलता, उघड्या डोक्यानं, पार्किंग लॉट ओलांडून तो थेट आमच्या गाडीपाशी आला आणि त्यानं बॉनेट उघडलं. आम्हाला आता फक्त निळा पत्रा दिसत होता. आतून दोनदा ठक ठक आवाज आला. मग बॉनेटच्या कडेनं त्याचा हात बाहेर आला आणि बोटं वर-खाली झाली. आता फिरव.

काकूंचे हात मांडीवर होते. त्यांनी किल्लीला हात लावला नाही.

हात पुन्हा बाहेर आला. पुन्हा तीच खूण.

"काकू," मी हळूच म्हटलं.

त्या समोरच्या निळ्या पत्र्याकडं बघत बसून राहिल्या.

थोड्या वेळानं रॉयनं बॉनेट हलकेच खाली केलं, दोन्ही तळव्यांनी दाबून बंद केलं. काचेतून त्यानं काकूंकडं बघितलं. त्याचे डोळे लाल होते, ते डोरिसमुळे की थंडीमुळे मला सांगता येणार नाही. काकूंनीही त्याच्याकडं बघितलं. मग तो वळला आणि चर्चकडं चालायला लागला. तो बराच लांब गेल्यावर काकूंनी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"मागं बघू नको," काकू मला म्हणाल्या.

मी बघितलं नाही. पण रस्ता वळेपर्यंत त्यांची नजर आरशात होती.